डुकराच्या साली जन्मलेली पाहुणी

परतीची तारीख जवळ आली की प्रवासी माणसाचा बघता बघता कारकून होतो. दोन महिन्यांपूर्वी मेकाँगच्या पात्रात होडीत बसून 'आपल्याला नेमकं हवंय तरी काय' असले विचार करणारी बाई आता टूथपेस्टची ट्यूब खिडकीच्या उजेडात धरते आणि ती तीस तारखेपर्यंत पुरेल का याचा अदमास घेते. नवी घ्यावी तर अर्धी टाकून यावी लागणार, आणि अर्धी ट्यूब टाकणं आमच्या घराण्यात बसत नाही. शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून ती हलवणं सुरू होतं. नोव्हेंबरात भातावर मूठमूठ उधळलेलं मेतकूट आता चिमटीनं निघतं. नवीन काही बघायला जायचं म्हटलं की मन म्हणतं, 'पुढच्या वेळी.' पुढची वेळ येणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं, पण एव्हाना ते गुडघ्यांच्या बाजूनं बोलायला लागलेलं असतं.

मी डोंबिवलीची. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सहकाऱ्यांनी चाकांची भलीमोठी बॅग भेट दिली. ती माळ्यावर टाकली आणि पाठीला सॅक लावून व्हिएतनामला गेले. एकटीच. 'एकटीच?' हा प्रश्न मला डोंबिवलीत जितक्यांनी विचारला तितक्यांनीच तिकडेही विचारला. फक्त डोंबिवलीत त्यात आक्षेप होता आणि तिकडे कणव. नवरा आला नाही, कारण कर्जतच्या पुढचा चहा त्याला आवडत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा पूर्वी ३० दिवसांचा असे, ऑगस्ट २०२३पासून तो ९० दिवसांचा मिळतो. हो चि मिन्ह सिटीला उतरले आणि तिथून हनोईपर्यंतचा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग टप्प्याटप्प्यानं संपवत उत्तरेला आले. शेवटचे आठवडे मात्र हनोईतल्या एकाच खोलीत काढायचे, असं ठरवलं होतं. तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, २०२५ साली २९ जानेवारीला होतं. ते बघायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानात बसायचं.

खोली जुन्या हनोईतल्या एका नळीघरात होती. नळीघर म्हणजे रस्त्याकडून जेमतेम तीन-साडेतीन मीटर रुंद आणि आत शिरलं की न संपणारं. पुढच्या भागात दिवसा बटणं, चेन आणि दोऱ्यांचं दुकान. रात्री शटर ओढलं की तिथेच घरातल्या सगळ्या मोटारसायकली. झोपायला जायचं तर दोन हँडलांमधून अंग चोरत, आरशांना नमस्कार करत जिन्यापर्यंत पोचायचं. मालकीणबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, कायम फुलाफुलांच्या कापडाच्या जोडीत, वर जाड जाकीट. त्यांच्या लेकीला इंग्रजी येई. बाईंना ते येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं.

हनोईची जानेवारी हा प्रकार आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. व्हिएतनाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नारळ आणि घाम येतो. उत्तरेत या दिवसांत पारा बारा-पंधरापर्यंत उतरतो, दिवसभर पाऊस म्हणायला लाज वाटेल असा भुरभुराट चालू, आणि घरात हीटर नावाची वस्तू नाही. धुतलेला मोजा दोरीवर तीन दिवस राहतो आणि चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा ओला निघतो. शेवटच्या आठवड्यांत माझ्या कपड्यांचे 'ओले पण स्वच्छ' आणि 'कोरडे पण' असे दोन वर्ग पडले होते.

त्यात रस्ता. व्हिएतनाममध्ये रस्ता ओलांडायची विद्या मी नोव्हेंबरपासून घोटून घेतली होती. थांबायचं नाही, धावायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही. देवाचं नाव घेऊन एका लयीत चालत सुटायचं. मोटारसायकलींचा लोंढा आपल्या दोन्ही बाजूंनी आपोआप फुटतो. ही विद्या इतकी अंगात मुरली की मी नवख्या गोऱ्या पर्यटकांना हाताला धरून पलीकडे नेऊ लागले. आणि १ जानेवारी २०२५पासून सरकारनं वाहतुकीचे नवे दंड लागू केले. मोटारसायकलवाल्यानं लाल दिवा तोडला तर आधी आठ ते दहा लाख डोंग दंड होता, तो एकदम ४० ते ६० लाख डोंग झाला. आपले चौदा ते वीस हजार रुपये. फुटपाथवर गाडी घातली तरी तेवढाच. एका रात्रीत शहर सुतासारखं सरळ आलं. लाल दिवा लागला की हजार मोटारसायकली पट्ट्याच्या अलीकडे, रिकाम्या चौकाकडे बघत उभ्या. हिरवा लागला तरी कुणी पटकन हलेना, न जाणो हा खरा हिरवा नसला तर! त्यामुळे जागोजागी तुंबाही होऊ लागला. माझी विद्या मात्र बुडाली. आता कोणीही उठून रस्ता ओलांडू लागलं.

असो. तर मी परतीच्या तयारीला लागले.

इतर कुठल्याही शहरात, कुठल्याही महिन्यात, परत निघालेल्या माणसाला थोडा भाव मिळतो. चहावाला म्हणतो, 'अरे, चाललात?' कोपऱ्यावरची भाजीवाली एक फळ जास्त घालते. जाणाऱ्याविषयी लोकांना आपुलकी वाटते. मीही थोड्याशा आपुलकीची अपेक्षा धरून होते. पण हनोईत तेतच्या आधी 'मी घरी चालले' असं कुणालाही सांगितलं की समोरून उत्तर येई, 'मीपण!' नूडल्सवाली नाम दिन्हला चालली होती. न्हावी थान्ह होआला चालला होता. समोरच्या हॉटेलातला रखवालदार तर डोंगरात कुठेतरी चालला होता. बस, मग दुसरी बस, मग कुणाची तरी मोटारसायकल, मग पायी, असा त्याचा मार्ग ऐकून माझं पाच तासांचं विमान मला घशाखाली उतरेना. गणपतीच्या आदल्या रात्री दिवा स्टेशनात उभं राहून कुणाला तरी 'मी जरा गावी चाललेय' असं कौतुकानं सांगून बघा. तो तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. बघेल ते तुमच्या सामानाच्या वर कुठे मोकळी जागा आहे का ते. माझं माहेर चिपळूणकडचं, त्यामुळे ही नजर मी ओळखते. फरक इतकाच की आमचा चाकरमानी मखराचं सामान नि लाडवांचे डबे नेतो आणि हनोईचा चाकरमानी अख्खं झाड नेतो.

अख्खं म्हणजे अख्खं, मुळासकट. तेतला उत्तरेत पीचच्या गुलाबी फुलांची फांदी आणि नारिंगी फळांनी लगडलेलं कुमक्वाटचं झाड घरात हवंच. ही झाडं मोटारसायकलवरून जातात. मागून बघावं तर एक झाड ताशी चाळीसच्या वेगानं चाललेलं. पुढून बघावं तर फांद्यांतून डोकावणारं हेल्मेट. त्या वर्षी झाडं महाग होती. सप्टेंबर २०२४मध्ये यागी चक्रीवादळानंतर लाल नदीला पूर आला आणि न्यात तानच्या पीचबागा, तू लिएनच्या कुमक्वाटच्या बागा पाण्याखाली गेल्या. पुष्कळ झाडं मुळाशीच कुजली. मालकीणबाई तीन संध्याकाळी फुलबाजारात जाऊन भाव करून हात हलवत परत आल्या आणि चौथ्या दिवशी झाड भाड्यानं आणलं. होय, झाड भाड्यानं मिळतं. तेत संपला की बागवाला येऊन घेऊन जातो आणि पुढच्या वर्षासाठी जोपासतो. हे ऐकल्यावर मला हनोईविषयी एकदम जवळीक वाटली. सोन्यासारखा सण आणि डिपॉझिट परत!

आता मुख्य गोष्टीकडे येते. व्हिएतनामी माणूस पहिल्या भेटीत तुमचं वय विचारतो. त्यात आगाऊपणा नाही. तुम्हाला ताई म्हणायचं, मावशी म्हणायचं की आजी, हे कळल्याशिवाय त्याचं पुढचं वाक्यच सुरू होत नाही. त्यामुळे मी आल्या दिवशीच माझं जन्मसाल सांगून मोकळी झाले होते : १९७१. बाईंनी मान डोलावली आणि विषय संपला. जानेवारीच्या मध्यावर त्यांनी ते पुन्हा विचारलं. मला वाटलं, विसरल्या असतील. दोन दिवसांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि या वेळी शेजारी त्यांचे दीर कॅलेंडर घेऊन बसले होते. समोर बशीत आल्याच्या पाकवलेल्या चकत्या. कुणी विनाकारण मिठाई पुढे केली की बँकेतली बाई सावध होते. कर्जाचं प्रकरण असंच सुरू होतं.

लेकीनं हळूहळू उलगडा केला. १९७१ हे डुकराचं साल. त्यांचं बारा प्राण्यांचं चक्र बरंचसं चिनी चक्रासारखंच. फक्त सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी रेडा. येणारं २०२५ हे सापाचं. डुक्कर आणि साप चक्रात अगदी समोरासमोर, त्यामुळे दोघांचं हाडवैर. आता तेतच्या मध्यरात्रीनंतर घराचा उंबरा जो पहिल्यांदा ओलांडून आत येतो, त्याच्यावर त्या घराचं वर्षभराचं नशीब ठरतं. म्हणून हा पहिला माणूस असा-तसा चालत नाही. सुखवस्तू, हसतमुख, घरी सगळं ठीकठाक असलेला आणि मुख्य म्हणजे योग्य सालातला माणूस हेरून त्याला आधीच सांगून ठेवतात. या घरासाठी बाईंचा एक भाचा ठरला होता : १९९३चा, कोंबड्याच्या सालातला. कोंबड्याचं आणि सापाचं छान जमतं. भाच्याला बऱ्यापैकी नोकरी, एक मुलगा, एक मुलगी, डोक्यावर दाट केस. त्याची वेळ ठरली होती, बारा वाजून दहा मिनिटं.

अडचण होते मी. मी मध्यरात्री होआन किएम तळ्यावरची आतषबाजी बघायला जाणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि परत येताना, भाच्याच्या आधी, मी आत पाऊल टाकलं असतं तर? एका डोंबिवलीकर डुकरामुळे बटणांचं दुकान वर्षभर बसलं असतं.

हे सगळं मला इतक्या अदबीनं सांगितलं गेलं की वाईट वाटायला वावच नव्हता. दोन पर्याय होते. एक, मी अकरालाच अंथरुणात शिरायचं आणि भाचा येऊन जाईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसरा, आतषबाजी बघायची आणि भाचा आत जाईपर्यंत बाहेर उभं राहायचं. मी दुसरा निवडला. दिरांनी कॅलेंडरवर काहीतरी लिहून घेतलं, बहुधा माझं नाव, आणि त्यावर फुली.

त्यानंतर आठवडाभर या घरात माझी प्रतिष्ठा वाढली ती वाढलीच. जिच्यामुळे धंदा बुडू शकतो अशा बाईकडे माणसं जरा लक्ष देऊनच बघतात.

चुलीचे देव २२ जानेवारीला वर गेले. चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली ही तेवीस तारीख. देव तीन : दोन पुरुष आणि एक बाई. वर्षभर ते स्वयंपाकघरात बसून घरातलं सगळं बघतात आणि या दिवशी कार्प माशावर स्वार होऊन स्वर्गातल्या सम्राटाला या कुटुंबाचा वार्षिक अहवाल द्यायला जातात. त्यांच्यासाठी कागदाचे टोप, झगे, जोडे जाळतात आणि जिवंत मासे पाण्यात सोडतात. मी बाईंच्या बरोबर लाँग बिएन पुलावर गेले. १९०२ साली पुरा झालेला, फ्रेंचांनी बांधलेला, अमेरिकन बॉम्बनी पुनःपुन्हा मोडलेला, तरी अजून आगगाडी आणि मोटारसायकली दोन्ही पेलणारा हा लोखंडी पूल. कठड्याला स्वयंसेवक पोरं उभी होती, हातात पाट्या : मासे सोडा, पिशव्या सोडू नका. त्यांच्याकडे दोर बांधलेल्या बादल्या होत्या; माशांना त्यांतून अलगद खाली उतरवत होते. पुलाखाली थोड्या अंतरावर जाळं घेऊन एक-दोन माणसं शांतपणे उभी होती. देवांचा प्रवास तेवढाच.

मला काळजी अहवालाची होती. त्या शेगडीवर मी तीन-चारदा हिंगाची फोडणी दिली होती. आचेवर पापड भाजला होता, तेव्हा शेजारच्या घरातून दोन माणसं आग विझवायला आली होती. हे सगळं वर कोणत्या सदरात नोंदलं जाणार? बाईंना हे विचारलं तर त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, म्हणजे लेकीनं सांगितलं, की देवांचं तोंड गोड केलेलं आहे. देवांपुढे ठेवलेल्या गोड खिरीचं कारण तेव्हा कळलं.

इकडे घरच्यांच्या याद्या यायला लागल्या होत्या. दोन महिने कुणाला माझी आठवण नव्हती. परतीचं तिकीट व्हॉट्सॲपवर टाकताच सगळ्यांना आली. नणंदेला रेशीम हवं होतं. भाच्याला कॉफी. धाकट्या वहिनीला ती शंकूच्या आकाराची पानांची टोपी. 'हलकी असते गं, कुठेही मावेल.' ही टोपी कुठेही मावत नाही. ती डोक्यावर घालूनच विमानात बसावं लागतं आणि शेजारच्याच्या डोळ्यात तिची कड जाते. काकूनं मात्र कमाल केली. चिपळूणहून तिचा निरोप : 'तिकडे काजू स्वस्त असतात म्हणे, दोन किलो आण.' काजूगर निर्यातीत व्हिएतनाम जगात पहिला आहे ही गोष्ट खरी. पण म्हणून कोकणातल्या बाईनं व्हिएतनामचा काजू कोकणात न्यायचा? दुकानदारानं मला सालासकट भाजलेले काजू चाखायला दिले. चांगले होते. ही गोष्ट मी काकूला सांगितलेली नाही आणि या लेखातूनही तिला ती कळणार नाही, कारण ती फक्त दिवाळी अंक वाचते.

मसाल्याच्या गल्लीत तर मी तासभर उभी होते. दालचिनीच्या हातभर लांब नळ्या, बाद्यानची पोती. आपल्याकडे दालचिनी म्हणून जाड सालीचा जो माल विकतात, त्यातला पुष्कळसा इथूनच येतो, आणि बाद्यानही इथल्याच लांग सोनच्या डोंगरांतलं. आमच्या गोड्या मसाल्याचं निम्मं कुळ इथे पोत्यात बसलं होतं आणि मला कुणी ओळख दिली नव्हती. अर्धा किलो बाद्यान घेतलं. नंतर सॅक उघडली की मोज्यांनासुद्धा आमटीचा वास.

शेवटचं बाहेरचं जेवण म्हणून चा का खाल्लं. आता नीट ऐका : माशाचे तुकडे हळदीत मुरवलेले, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर तव्यात तेल चुरचुरतंय, आणि त्यात मूठच्या मूठ शेपू. शेपू! आमच्या घरात तीन पिढ्या जिच्या नावानं ताटावरून उठल्या, ती पालेभाजी माशाच्या गळ्यात गळा घालून बसलेली. वर कांद्याची पात, बाजूला तांदळाच्या शेवया, शेंगदाणे, आणि जांभळट रंगाची, फेसाळ, वासानं दचकवणारी कोळंबीची चटणी. पहिल्या घासाला मी साशंक होते. तिसऱ्याला मी शेपू परत मागितला. कोकणानं हळद, मासे आणि शेपू तिन्ही जवळ असताना इतकी शतकं केलं काय, हा प्रश्न मी नवऱ्याला फोनवर विचारला. तो म्हणाला, 'गॅस संपलाय. नंबर कुठे लिहून ठेवलायस?'

२५ तारखेला नऊ दिवसांची सरकारी सुट्टी सुरू झाली आणि हनोई उपसल्यासारखं रिकामं झालं. नूडल्सवाली गेली, न्हावी गेला (जायच्या आधी दर वाढवून गेला, तेतच्या आधी केस कापायचे भाव चढतात, हे जगन्मान्य आहे). रस्त्याला शटरं. मी खोलीत केळी, ब्रेड आणि अंडी भरून ठेवली. नोटा संपवायच्या होत्या, कारण डोंग डोंबिवलीत कोण घेणार! पण दुकानंच बंद. तेतला लहान मुलांना लाल पाकिटात कोऱ्या नोटा घालून द्यायची पद्धत आहे, ती माझ्या पथ्यावर पडली. तिथली २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळी, आणि दोन्हींवर तेच हो चि मिन्ह तितक्याच शांतपणे बघतात. पहिलीचे सत्तर रुपये, दुसरीचे सतराशे. प्रत्येक पाकीट चिकटवण्याआधी मी चष्मा लावून शून्यं मोजत होते. तीस वर्षांच्या नोकरीतसुद्धा इतक्या काळजीनं रोकड मोजलेली नाही.

शेवटच्या दिवशी देणी फेडायची असतात. जुन्या वर्षाचं कर्ज नव्यात न्यायचं नाही. बाई जिना चढून वर आल्या आणि कपडे धुण्याचे जास्त घेतलेले आठ हजार डोंग माझ्या हातावर ठेवून गेल्या. अठ्ठावीस रुपये. नको म्हणायची सोय नव्हती, नशीब अडकलं असतं. दुपारी आंघोळीला पाणी आलं ते कोथिंबिरीचं. जून, फुलावर आलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या या दिवशी सायकलवरून विकायला येतात. त्या उकळून त्या पाण्यानं अंगावरचं जुनं वर्ष धुऊन टाकायचं. मीही धुतलं. बाद्यानचे मोजे, कोथिंबिरीचं अंग. फोडणी घातली असती तर सणाचा एक पदार्थ झाला असता.

गल्लीत फुटपाथवर मोठ्या पत्र्याच्या पिंपात बान चुंग शिजत होते. चिकट तांदळात मुगाची डाळ आणि डुकराचं मांस भरून पानांत चौकोनी बांधतात आणि दहा-बारा तास उकळतात. म्हणजे कुणीतरी जागं राहून पाणी घालत बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती बसून गप्पा मारायच्या. मी मासे खाते, पण डुक्कर नाही. बाईंनी माझ्यासाठी नुसत्या मुगाचा एक चिमुकला बान चुंग बांधला होता, असले छोटे मुलांसाठी करतात तसा, आणि ओळख पटावी म्हणून त्याला लाल बटण बांधलं होतं. दुकान घरचंच. दिरांनी ते बटण बघून काहीतरी म्हटलं आणि सगळे खूप हसले. लेकीनं भाषांतर करायचं नाकारलं. डुकरानं डुक्कर खायचं नाही, असंच काहीतरी असणार. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

रात्री तळ्यावर माणसांचा समुद्र. या तळ्याची कथा अशी की पंधराव्या शतकात ले लोई राजाला मिंग चिन्यांशी लढायला दैवी तलवार मिळाली, आणि विजयानंतर तळ्यात होडीतून फिरताना एका कासवानं ती परत मागितली. राजानं दिली. थकबाकी न ठेवणारा हा राजा मला आवडला. त्या वंशातलं म्हणून पुजलं जाणारं शेवटचं प्रचंड कासव जानेवारी २०१६मध्ये मेलं. आता तळ्यातल्या देवळात काचेच्या पेटीत आहे. आवाजाचे फटाके घरोघरी उडवायला १९९५पासून बंदी आहे, त्यामुळे ते सरकार उडवील तेवढेच. बारा वाजता आकाश पेटलं. डोंबिवलीत तेव्हा साडेदहा. नवऱ्याला फोन लावून आवाज ऐकवला.

'कुठे भांडण झालंय का?'

'नववर्ष लागलं इथे.'

'बरं. दुधाची पिशवी दारात ठेवायला सांगू की तू आल्यावर बघू?'

सव्वाबाराला मी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. भाचा नव्हता. साडेबाराला बाई दारात आल्या, मला बघून त्यांनी दोन्ही हात पुढे करून 'थांब' अशी खूण केली, आणि मी पुढे येतेय की काय या धास्तीनं दार लोटून घेतलं. वर भुरभुर चालूच. शेवटी पाऊण वाजता कोंबडा आला. नवा कोट, हातात फळांची करंडी, श्वास लागलेला. तळ्याकडच्या गर्दीत अडकला होता. मला बघून त्यानं आदरानं 'आधी तुम्ही' असा हात केला. आतून तीन माणसं एकदम ओरडली.

तो आत गेला, आम्ही सगळे आत गेलो, खीर झाली, पाकिटं झाली. माझ्या पाकिटात २० हजार होते. मी शून्यं मोजली.

आता राहिलं पॅकिंग. मी शेवटच्या दिवशी फेकून द्यायच्या वस्तूंचा व्यवस्थित ढीग करून ठेवला होता : मोडकी छत्री, तळवा सुटलेल्या चपला, कापलेली टूथपेस्टची ट्यूब, शाम्पूची बाटली, एक मोजा ज्याचा जोडीदार दोरीवरून वाऱ्यानं नेला, हनोईचा चिंध्या झालेला नकाशा. पिशवीत भरून खाली घेऊन आले तर बाई जिन्यात आडव्या. तेतच्या दिवसांत केर काढायचा नाही आणि कचरा बाहेर टाकायचा नाही. कचऱ्याबरोबर घराचं भाग्य बाहेर जातं. तीन दिवस. मी म्हटलं, माझं विमान उद्या आहे. त्या म्हणाल्या, मग इथेच ठेव, आम्ही नंतर टाकू. पण एका सत्तरीच्या बाईनं सणात माझ्या चपला सांभाळायच्या, हे मला पटेना. त्यांच्या भाग्यावर आधीच एकदा मी अर्धा तास उभी होते.

शेवटी सगळा कचरा सॅकमध्ये भरला. विमानतळावर वजनकाट्यानं साडेतीन किलो जास्त दाखवले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, आत नेमकं काय आहे? मी खरं ते सांगितलं. तिनं मागच्या मुलीला सांगितलं. दोघींनी माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं, गंभीरपणे माना डोलावल्या आणि पैसे घेतले.

डोंबिवलीत मध्यरात्र उलटल्यावर पोचले. सकाळी जाग आली तर नवरा हॉलमध्ये सॅक उपसून बसला होता आणि एका हातात छत्रीचा सांगाडा, दुसऱ्या हातात तळवा नसलेली चप्पल घेऊन त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होता. खाली घंटागाडी आली होती.

'हे टाकून येऊ ना?'

'नाही. आज तेतचा तिसरा दिवस आहे.'

'मग काय करायचं याचं?'

'उद्या. आणि गॅसचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे, तीन वर्षांपासून.'